रिक्रूटर काय म्हणाला ते राहू द्या, ॲनेक्समध्ये काय लिहिलंय?

ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. दोन वर्षांपूर्वी आमचं ग्रीन कार्ड झालं. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. कम्युनिटी कॉलेजचं एक वर्ष कसंबसं केलं आणि आता ‘आर्मीत जातो’ म्हणतोय. रिक्रूटर घरी येऊन गेला. फार सज्जन वाटला, पोहे आवडीने खाल्ले, मला ‘मॅम’ म्हणत होता. त्याने सांगितलं की सायबरचं काम मिळेल, ट्रेनिंग संपतासंपताच सिटिझनशिप होईल, कॉलेजचा सगळा खर्च सरकार करेल, वीस हजार डॉलर बोनस मिळेल, पोस्टिंग इथेच फोर्ट डिक्सला होईल आणि नाहीच जमलं तर वर्षभरात सोडता येईल. मुलाला पंधराव्या वर्षापर्यंत दम्यासाठी इनहेलर लागायचा. त्यावर ‘ते फॉर्मवर लिहू नकोस, उगीच अडकशील’ असंही म्हणाला. यजमान म्हणतात, सरकारी माणूस आहे, खोटं कशाला बोलेल? मला मात्र झोप लागत नाही. मुलाला अडवू का? त्या रिक्रूटरशी मी स्वतः बोलू का? धाकटी सोळाची आहे, आता तिच्याही फोनवर यांचे मेसेज यायला लागलेत.
– अ. क., एडिसन

अ. क. ताई,

अडवू नका. सतरा वर्षांच्या मुलाला आईवडिलांची सही लागते, एकोणीस वर्षांच्या मुलाला लागत नाही. तुम्ही आडव्या पडलात तर तो न वाचता सही करून येईल आणि तुम्हाला जेवणाच्या टेबलावर सांगेल. त्यापेक्षा त्याला म्हणा, ‘जा, पण जे जे कबूल केलंय ते करारात कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखव.’ एवढीच अट घाला. या एका अटीने तुमच्या पत्रातल्या निम्म्या गोष्टी आपोआप गळून पडतील आणि उरतील त्या पक्क्या होतील.

आधी यजमानांच्या प्रश्नाचं. सरकारी माणूस खोटं कशाला बोलेल, हा आपल्याकडच्या भरतीतून आलेला विचार आहे. सातारा-कोल्हापूरकडे भरती म्हणजे पहाटेपासून मैदानावर हजारो पोरं, जागा मोजक्या, आणि समोरचा सुभेदार कोणाला कसलंही वचन देत नाही. तिथे पोरगं सैन्याच्या मागे धावतं. अमेरिकेत १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली, तेव्हापासून इथे सैन्य पोरांच्या मागे धावतं. २०२२ साली आर्मीला साठ हजारांचं लक्ष्य होतं आणि जवळपास पंधरा हजार कमी पडले. रिक्रूटर हा गणवेशातला विक्री प्रतिनिधीच. त्याला महिन्याचा आकडा गाठायचा असतो, वरून रेटा असतो. त्यातले बहुतेक जण प्रामाणिक असतात, तुमचे पोहे खाणाराही असेल. पण अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये दिलेल्या अहवालात एका वर्षात रिक्रूटरांच्या गैरप्रकारांची सिद्ध झालेली प्रकरणं सुमारे चारशेवरून सहाशे तीसच्या जवळ गेल्याची नोंद आहे. त्याच्या आदल्या वर्षी ह्यूस्टनच्या एका रिक्रूटरने, भेटीला आला नाहीस तर वॉरंट निघेल, असा निरोप एका मुलाच्या फोनवर ठेवला होता. गाजावाजा झाला आणि आर्मीने २० मे २००५ ला देशभरातली भरती एक दिवस थांबवून आपल्याच रिक्रूटरांना नीतिनियमांचे धडे दिले.

आता मूळ मुद्दा. चिरंजीव ज्यावर सही करणार आहेत त्या कागदाचं नाव डीडी फॉर्म ४. त्यात एक वाक्य आहे, त्याचा मराठीत आशय असा: या भागात आणि सोबत जोडलेल्या पुरवण्यांत जे आहे तीच सरकारने मला दिलेली सगळी वचनं आहेत, याव्यतिरिक्त कोणीही मला काहीही कबूल केलं असेल तर ते वैध नाही आणि पाळलं जाणार नाही. हे दुसरं अर्धं वाक्य मूळ फॉर्मवर सगळं मोठ्या अक्षरांत छापलंय. लपवलेलं काही नाही. तुमचा मुलगा स्वतःच्या सहीने लिहून देणार आहे की रिक्रूटरचं तोंडी बोलणं मला मोजायचं नाही. उद्या तक्रार घेऊन गेला तर हेच पान त्याच्यापुढे ठेवलं जाईल.

या पुरवण्यांना तिथे ॲनेक्स म्हणतात. कामाचा प्रकार, बोनसची रक्कम, किती वर्षं, पोस्टिंगचा पर्याय, हे सगळं ॲनेक्समध्ये येतं किंवा येतच नाही. आणि ते लिहिणारा माणूस रिक्रूटर नसतो, हे पुष्कळ घरांत माहीत नसतं. रिक्रूटर मुलाला मेप्स नावाच्या केंद्रावर पाठवतो. तुमच्या भागातली मुलं ब्रुकलिनच्या फोर्ट हॅमिल्टनला नाहीतर फोर्ट डिक्सला जातात. आदल्या रात्री हॉटेलात ठेवतात, पहाटे चारच्या आसपास उठवतात, दिवसभर रक्त, डोळे, कान, चड्डीवर बदकासारखं चालणं, आणि हे सगळं उरकल्यावर थकलेल्या पोराला आर्मीच्या कौन्सेलरसमोर बसवतात. खरा सौदा तिथे होतो. कौन्सेलर संगणकावर बघून सांगतो की आज या या जागा आहेत. ‘सायबर नाही, पण ट्रक चालवण्याची आहे, बोनससकट, आणि आजच घेतली तर.’

अशा वेळी ‘मग आज नको’ म्हणून घरी परत येता येतं, हे त्याला निघण्यापूर्वी दहा वेळा सांगा. कोणी धरून ठेवत नाही. रिक्रूटरचं तोंड वाकडं होईल, परतीच्या गाडीत गप्प बसेल, बस.

आता तुमच्या पत्रातली एकेक गोष्ट घेते.

सायबर. तुमचा मुलगा ग्रीन कार्डवर आहे, अजून नागरिक नाही. सायबर ऑपरेशन्स, गुप्तवार्ता यांसारख्या कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळण्याचा परवाना, लागतो आणि तो नागरिक नसलेल्याला मिळत नाही. त्यामुळे आज त्याच्या करारात ते काम येऊच शकत नाही. रिक्रूटर म्हणेल, आत्ता दुसरं काही घे, नागरिक झालास की बदलून घे. बदलता येतं, पण ते पुढे, जागा असली तर, वरिष्ठांनी होकार दिला तर, आणि बहुतेक वेळा आणखी काही वर्षांची सही केल्यावर. म्हणून चिरंजीवांनी स्वतःला असा प्रश्न विचारावा: ॲनेक्समध्ये जे काम लिहिलंय, तेच चार वर्षं करायचं झालं तर मी जाईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर सायबरच्या आशेवर सही करू नये. आधी नागरिकत्व घेऊन मग भरती व्हायचा रस्ताही आहे. ग्रीन कार्डनंतर साधारण पाच वर्षांचा, लांबचा, पण त्या रस्त्याने गेलं तर निवड त्याची राहते.

सिटिझनशिप. इथे जरा थांबते, कारण आपल्या लोकांना सगळ्यात जास्त ओढ याचीच असते. कायदा खरोखर उदार आहे. ११ सप्टेंबर २००१पासूनचा काळ युद्धकाळ म्हणून जाहीर झालेला आहे, आणि त्या काळात सन्मानाने सेवा करणाऱ्याला पाच वर्षं थांबावं लागत नाही, अर्जाची फीही पडत नाही. पण नागरिकत्व आर्मी देत नाही, इमिग्रेशन खातं देतं. आर्मीने फक्त एन-४२६ या फॉर्मवर सेवेचा दाखला द्यायचा असतो, आणि तो कधी द्यायचा याचे नियम बदलत आले आहेत. २०१७ मध्ये संरक्षण खात्याने अचानक नियम कडक केले, ग्रीन कार्डवाल्या मुलांची चौकशी पूर्ण होईपर्यंत त्यांना ट्रेनिंगला पाठवणंच थांबलं, आणि पुढे प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा ‘अमुक महिन्यात नागरिक होशील’ हे कोणत्याही ॲनेक्समध्ये लिहून मिळणार नाही, कारण लिहिणाऱ्याच्या हातात ते नाही. शिवाय अशा रीतीने मिळालेलं नागरिकत्व, पाच वर्षं सन्मानाची सेवा भरण्याआधी वाईट शेऱ्यानिशी बाहेर काढलं गेलं, तर परत घेता येतं. म्हणजे बाकीच्या मुलांची नोकरीच जाते, याच्या बाबतीत त्याहून बरंच काही पणाला लागलेलं असतं.

व्हिसावर असलेल्या मुलांसाठी मॅवनी नावाची योजना होती, तुमच्या ओळखीत कोणी ना कोणी तिची गोष्ट सांगेल. डॉक्टर आणि विशिष्ट भाषा येणारे, त्यांत हिंदी बोलणारेही, या योजनेतून दहा हजारांहून जास्त लोक सैन्यात गेले आणि अनेक जण झपाट्याने नागरिक झाले. २०१६ मध्ये योजना थांबली. तेव्हा ज्यांचे करार झाले होते पण ट्रेनिंग सुरू झालं नव्हतं, ती मुलं चौकशीच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकली, काहींचे व्हिसा संपले, काहींना कारण न सांगता काढून टाकलं. त्यांच्याकडे तर सही केलेले कागद होते. लेखी नसेल तर हातात काहीच नाही, पण लेखी असलं म्हणजे सगळं झालं, असंही समजू नका. त्याच डीडी फॉर्म ४ मध्ये पुढे लिहिलंय की सैन्याचे कायदे आणि नियम पूर्वसूचना न देता बदलू शकतात, आणि त्यामुळे पगार, भत्ते, सवलती बदलल्या तरी या कराराचा आधार घेता येणार नाही.

आणि हे रिक्रूटर तुम्हाला कधीच सांगणार नाही, कारण त्याला माहीतच नसतं. मुलगा अमेरिकन नागरिक झाला की भारताचं नागरिकत्व जातं, पासपोर्ट परत करावा लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. आपण सगळे मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, काढतो आणि निर्धास्त होतो. पण परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. म्हणजे आजीच्या पंचाहत्तरीला, गणपतीला, मावसभावाच्या लग्नाला, प्रत्येक वेळी त्याला व्हिसा काढून यावं लागेल, आणि नोकरीत असताना परदेशी जाण्यासाठी वरिष्ठांची परवानगी वेगळी. यात तक्रार करण्यासारखं काही नाही, कुठलाही देश असं करेल. फक्त सही करायच्या आधी मुलाला आणि यजमानांना हे माहीत हवं.

कॉलेज. हे आश्वासन सगळ्यांत खरं आहे, आणि गंमत म्हणजे ते लिहून घ्यावंच लागत नाही, कारण ते कायद्यातच आहे. ९/११ नंतरच्या जीआय बिलाप्रमाणे ३६ महिने ॲक्टिव्ह ड्यूटी, म्हणजे पूर्णवेळ सेवा, झाली की राज्याच्या सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, राहण्याचा भत्ता आणि पुस्तकांना वर्षाला हजार डॉलरपर्यंत, असं ३६ महिन्यांपर्यंत मिळतं. खाजगी विद्यापीठाला कमाल मर्यादा आहे. सेवा कमी झाली तर टक्केवारीही कमी. आणि बाहेर पडताना शेरा ‘ऑनरेबल’ हवा. त्याच्या खालचा चालत नाही, अगदी ‘जनरल’सुद्धा. पण ‘नोकरी करताकरता डिग्री होईल’ या वाक्याकडे संशयाने बघा. नोकरीत असताना शिकायला वेगळी मदत असते, मात्र तिला वरिष्ठांची संमती लागते आणि युनिट सरावाला जंगलात असलं तर ऑनलाइन वर्गही होत नाही.

बोनस. आकडा ॲनेक्समध्ये नसेल तर बोनस नाही. असेल तर तो कशासाठी, कधी आणि किती हप्त्यांत, हे शब्दशः वाचा. तो सहसा ट्रेनिंग पुरं झाल्यावर हातात येतो, कर कापून. मुदत पूर्ण झाली नाही तर उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागतात. कॅलिफोर्निया नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे त्या राज्याच्या अर्धवेळ सैन्यदलात, इराक-अफगाणिस्तानच्या धामधुमीत कितीतरी लोकांना पंधरा हजार किंवा त्याहून जास्त डॉलर बोनस दिले गेले. अधिकाऱ्यांनी पात्रतेचे नियम धाब्यावर बसवले होते, आणि दहा वर्षांनी जवळपास दहा हजार सैनिकांकडे पैसे परत मागण्यात आले. त्यांत युद्धात जखमी झालेलेही होते. २०१६ मध्ये वर्तमानपत्रांनी प्रकरण बाहेर काढलं तेव्हा संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांना वसुली थांबवावी लागली. म्हणून रक्कम बघून भागत नाही. ‘हा बोनस कोणत्या पात्रतेवर मिळतोय, आणि मी त्यात बसतो याचा कागद कुठला?’ हेही विचारायचं.

पोस्टिंग फोर्ट डिक्सला. पहिल्या पोस्टिंगचं ठिकाण निवडण्याचा एक पर्याय आर्मीत आहे, पण तो सगळ्या कामांना आणि सगळ्या ठिकाणी नसतो. मिळाला तर ॲनेक्समध्ये असतो आणि तोही पहिल्या पोस्टिंगपुरता. नंतर सैन्य म्हणेल ती पूर्व दिशा. घराजवळच राहायचं असेल तर नॅशनल गार्ड किंवा रिझर्व्ह हा वेगळा रस्ता आहे. महिन्यात एक शनिवार-रविवार आणि वर्षातून साधारण दोन आठवडे. पण तिथून युद्धावर पाठवत नाहीत असं समजू नका, वीस वर्षं पाठवत होते. आणि तिथे जीआय बिलाचा हिशेबही वेगळा पडतो. रिक्रूटर बोलताना दोन्हींतल्या गोड गोष्टी एकत्र कालवतो, म्हणून आधी त्यालाच विचारा की तू ॲक्टिव्हबद्दल बोलतोयस की गार्डबद्दल.

वर्षभरात सोडता येईल. नाही. हे सरळ खोटं आहे, निदान तुम्ही सांगितलंय त्या रूपात. पहिल्यांदा भरती होणाऱ्यावर साधारण आठ वर्षांचं बंधन असतं. त्यातली तीन-चार गणवेशात, बाकीची राखीव यादीत, आणि त्या यादीतून परत बोलावता येतं. इराकच्या वेळी बोलावलंही होतं. त्याच काळात ‘स्टॉप-लॉस’ म्हणून ज्यांची मुदत संपली त्यांनाही थांबवून ठेवलं, नंतर काँग्रेसने अशा प्रत्येक जादा महिन्यासाठी पाचशे डॉलर भरपाई मंजूर केली.

मात्र खरी मोकळी खिडकी एक आहे आणि तिच्याबद्दल रिक्रूटर सहसा गप्प असतो. मेप्सवर पहिली शपथ आणि सही झाली की मुलगा लगेच जात नाही. काही आठवडे ते वर्षभर तो ‘डिलेड एंट्री’त घरीच असतो. या काळात मन बदललं तर लेखी पत्र देऊन बाहेर पडता येतं. अटक होत नाही, कॉलेजच्या मदतीवर परिणाम होत नाही, रेकॉर्ड खराब होत नाही, यातलं कोणी काहीही म्हणालं तरी. ज्या दिवशी ट्रेनिंगला निघायचं त्या दिवशी दुसरी शपथ होते, दुसरी सही होते, आणि तिथून मागे फिरणं नाही. त्या दिवशीच्या पानावर एक ओळ असते: माझ्या पर्यायांत काही बदल झालेला नाही, किंवा झाला असेल तर तो अमुक ॲनेक्समध्ये आहे आणि तो आधीच्या तमुक ॲनेक्सची जागा घेतो. बॅग भरलेली, बस उभी, आणि जुन्या ॲनेक्सच्या जागी नवा आला तरी पोरगं सही करून मोकळं होतं. पहिल्या सहीच्या वेळची प्रत त्याने सोबत न्यायची आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघायचं. घरी त्या सगळ्या पानांचे फोटो तुमच्याकडे हवेत.

आता इनहेलर. हे वाचून मला खरा राग आला. जे याने लिहून द्यायला हवं ते हा तोंडी सांगतो, आणि जे तुमच्या मुलाने लिहायला हवं ते लिहू नको म्हणतो. तेराव्या वाढदिवसानंतर दमा राहिला असेल तर तो अपात्रतेचं कारण ठरतो, पण त्यातून सूट मागता येते, तपासण्या होतात, कधी मिळते कधी नाही. लपवून भरती होणं हा मात्र सैनिकी कायद्याखालचा गुन्हा आहे. आणि हल्ली मेप्सवर मुलांच्या डॉक्टरांचे, औषधाच्या दुकानांचे जुने रेकॉर्ड संगणकावर दिसतात, इनहेलरची चिठ्ठी लपणार नाही. सापडलं तर कोण अडकतं? ‘मी असं सांगितलं नव्हतं’ म्हणायला रिक्रूटर मोकळा आहे, कारण तेही तोंडीच होतं. ग्रीन कार्डवाल्या मुलाने सरकारी फॉर्मवर खोटं लिहिणं किती महाग पडेल हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, तासाभराची फी सत्कारणी लागेल. दम्याची सगळी कागदपत्रं गोळा करून मुलाने स्वतःहून द्यावीत.

रिक्रूटरशी तुम्ही बोलू का, असं विचारलंत. सोबत बसा, बोलू मात्र मुलाला द्या. जो मुलगा रिक्रूटरला दोन प्रश्न विचारू शकत नाही तो पुढे सार्जंटला काय विचारणार! त्याहून उत्तम म्हणजे त्याने रिक्रूटरला एक ई-मेल करावा: आपण घरी आलात तेव्हा या या गोष्टी सांगितल्या, यांपैकी कोणत्या माझ्या करारात लिहिलेल्या असतील ते कळवावं. साधी, नम्र भाषा. उत्तर आलं तर उत्तम. ‘फोन कर, बोलू’ असं आलं तर तेही उत्तरच आहे. हा ई-मेल जपून ठेवावा. ॲनेक्समधलं काम किंवा ट्रेनिंग सैन्याने दिलं नाही तर ‘करार पाळला गेला नाही’ अशी तक्रार करून दुसरा पर्याय किंवा सुटका मागता येते, पण बिघाड लक्षात आल्यापासून ३० दिवसांत ती करावी लागते. ट्रेनिंगमध्ये गांगरलेली मुलं नेमके हेच दिवस घालवतात. अशा वेळी जीआय राइट्स हॉटलाइन म्हणून एक मोफत मदत आहे, सैन्याबाहेरची. तिचं नाव त्याच्या वहीत आत्ताच लिहून ठेवायला सांगा.

यजमानांना हे पत्र वाचायला द्या. घर घेताना त्यांनी प्रत्येक पान वकिलाकडून वाचून घेतलं असेलच, मग इथेही तेच करावं.

धाकटीच्या मेसेजचं सोपं आहे. मध्यवर्ती कायद्याप्रमाणे हायस्कूलला मुलांची नावं, पत्ते, फोन नंबर रिक्रूटरांना मागितल्यावर द्यावे लागतात, पण पालकांनी लेखी नकार दिला तर देता येत नाहीत. शाळेच्या ऑफिसात त्याचा फॉर्म मिळतो. तो या आठवड्यात भरा आणि पोच घ्या.